गोठलेला धबधबा, ऊन आणि पाऊस

गोठलेल्या धबधब्यांवर चढायला हिमाचलातल्या स्पितीला निघालेल्या आपल्या इकडच्या पोरांची सॅक उघडून बघितली, तर तयारी सगळी थंडीची. थर्मलचे थर, लोकरी टोप्या, हातमोज्यांचे ढीग. परभणीचा माणूस थंडीला बिचकणार, त्यात नवल नाही. पण पारा उणे पंधरावर असतो तेव्हा कुडकुडायला होतं, बोटं बधिर होतात, तरी धबधबा सहसा जागेवर असतो. पारा शून्याच्या आसपास आला की खरी काळजी सुरू करायची. ऊन पडलं, हवा बरी झाली की पोरं खुशीत येतात. मी त्या वेळी घड्याळ बघतो.

आमचा बर्फाचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. त्यामुळे आइस स्क्रू, म्हणजे बर्फात फिरवून बसवायची, दोर अडकवायची धातूची पोकळ नळी, उन्हात कसा दगा देतो, हे शिकवायला मला स्पितीतल्या काझापर्यंत जावं लागत नाही. तुमच्या गावातही कारखाना असेल तर एक लादी विकत घ्या आणि घरच्या अंगणात हे करून बघा.

डब्यातून नुकतीच निघालेली लादी घेऊ नका. मिठाच्या गार पाण्यात बुडवलेल्या त्या डब्यात ती शून्याच्या बरीच खाली जमलेली असते. तिच्यावर साधं नळाचं पाणी ओतलं तरी आत कडकड तडे जातात. तो आवाज मात्र ऐकून ठेवा, पुढे कामाला येईल. लादी तासभर सावलीत पोत्याखाली ठेवा. वरून ओलसर झाली की १६ सेंटिमीटरचे दोन स्क्रू हातभर अंतरावर, काचेसारख्या स्वच्छ भागात पूर्ण बसवा. एकावर बर्फाचा चुरा थापून वर ओलं पांढरं फडकं टाका. दुसरा उघडा ठेवा आणि लादी उन्हात ओढा. आपल्या एप्रिलच्या उन्हात चहा-पोहे आटोपेपर्यंत उघड्या स्क्रूच्या नळीतून पाणी ठिबकायला लागतं आणि तो दोन बोटांनी फिरतो. झाकलेला त्या वेळी घट्ट असतो. धातू ऊन पितो आणि थेट आत नेऊन सोडतो, एवढंच कारण.

काझा साधारण ३,६०० मीटरवर आहे. तिथे हवेचं तापमान उणे दहा असलं तरी ऊन इतकं कडक असतं की हेच तिथेही होतं, फक्त सावकाश. लीड करणाऱ्याचा, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणाऱ्याचा, स्क्रू थोडा वेळ राहतो. टॉप रोपचा अँकर, म्हणजे वरून सोडलेला दोर ज्याला बांधतात तो आधार, मात्र सकाळी लावला की दुपारपर्यंत उन्हात, आणि त्यावर दिवसभर एकामागून एक लटकणार. म्हणून अँकरचे स्क्रू बर्फाच्या चुऱ्याने झाका आणि प्रत्येक दोन-तीन चढायांनंतर कुणीतरी वर जाऊन ते हाताने तपासा. त्याहून बरं म्हणजे बर्फातच दोरीचा आधार, अबालाकोव्ह, करा: २२ सेंटिमीटरच्या स्क्रूने दोन तिरपी भोकं आत एकमेकांना भेटतील अशी पाडायची आणि त्यातून दोरी ओवायची. बर्फात धातू राहतच नाही. तरीही शेवटचा माणूस उतरायला निघेपर्यंत बॅकअपला एक स्क्रू ठेवाच.

वरचा थर उन्हाने भुसभुशीत झाला असेल, तर गोळेवाल्याच्या किसासारखा तो चढायच्या हत्याराने (आइस टूलने) खरवडून काढा आणि खालच्या घट्ट बर्फात स्क्रू लावा. खरवडत गेलो तरी घट्ट लागतच नाही, असं झालं तर स्क्रू कुठे लावावा हा प्रश्नच उरत नाही. खाली उतरा.

एक फसवणूक मुद्दाम सांगतो. फार थंडीत बर्फ ठिसूळ असतो, घाव घातला की ताटाएवढ्या चकत्या उडतात, तीन-चार घावांनी हत्यार बसतं. उणे तीन-चारच्या आसपास तो मऊसर होतो, एका घावात पातं रुततं, चढायला मजा येते. नवा माणूस इथेच हुरळतो आणि फसतो. कारण शून्यावरही पातं असंच एका घावात रुततं, पण आता ते बर्फाला धरून नसतं, ओल्या लगद्यात घुसलेलं असतं. ओढून बघा, ते कापत खाली येत असेल तर तुमचा स्क्रूही त्याच लगद्यात आहे.

आता पाऊस. स्पितीत भर हिवाळ्यात सहसा बर्फच पडतो. पण हंगामाच्या शेवटी, किंवा मनालीकडे कमी उंचीवर, पाऊस गाठू शकतो. पोरं म्हणतात, पावसाने असा कितीसा बर्फ वितळणार? हिशेब केला तर त्यांचं बरोबर आहे. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. पाच अंशांच्या एक लिटर पावसात शून्यापर्यंत येताना द्यायला जेमतेम २१ किलोज्यूल असतात. म्हणजे त्यातून साठ-पासष्ट ग्रॅम बर्फ जाईल.

पण नुकसान दुसरीकडून होतं. तेच पाणी भेगांतून थंड बर्फात मुरतं आणि आत गोठतं. गोठताना ते ३३४ किलोज्यूल परत सोडतं. आतला बर्फ न वितळता गरम होतो, शून्याकडे सरकतो, वरून काहीच दिसत नाही. उरलेलं पाणी खडक आणि बर्फ यांच्या मधल्या फटीत उतरतं, तिथली पकड सोडवतं, आणि बाहेर पडायला वाट नसेल तर आतून दाब देतं. शिवाय पाऊस म्हणजे ढग. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात टाकून पुन्हा कडक होतो. ढगाळ रात्री ते होत नाही. आपल्याकडे ढगाळ रात्री गहू-हरभऱ्याला थंडी मिळत नाही, त्यामागेही हेच आहे.

म्हणून मी दिवसाच्या अंदाजाआधी रात्रीचं किमान तापमान बघतो. रात्र शून्याच्या खाली गेलीच नसेल, तर सकाळी कितीही गार वाटो, त्या धबधब्याला हात लावत नाही. अंदाज गावाचा असतो आणि धबधबा वर असतो, हेही धरा: दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. आणि वेस्टर्न डिस्टर्बन्स येतोय का, ते बघा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने आपली रब्बी झोपवली, त्यामुळे पश्चिमेकडून येणारं हे वारं काय करू शकतं हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. हिमाचलात ते आलं की आधी ढग आणि ऊब, मग बर्फ किंवा पाऊस, आणि मागून कडाक्याची थंडी.

ती मागून येणारी थंडीही लगेच सुरक्षित नसते. लादीतला कडकड आवाज आठवा. बर्फ थंड होताना आकसतो, आणि खडकाच्या पाच-सातपट जास्त आकसतो. वर आणि खाली चिकटलेला २० मीटरचा मोकळा खांब दहा अंशांनी थंड झाला तर त्याला एक सेंटिमीटर आखूड व्हायचं असतं, पण दोन्ही टोकं पकडलेली. मग तो ताणात उभा राहतो आणि हत्याराच्या एका घावाला आडवा चिरू शकतो. पाऊस-ऊब गेल्यावर थंडी दोन दिवस एकसारखी राहू द्या. खांब, लोंबणारे सुळे यांच्या वाट्याला त्या दिवसांत जाऊच नका. खडकाला पाठ टेकून असलेला, जाड, उतरता बर्फ निवडा.

पायथ्याशी पोचल्यावर आधी गप्प उभे राहा आणि ऐका. बर्फामागून पाणी वाहल्याचा आवाज काल नव्हता आणि आज आहे? परत फिरा. हत्याराच्या मागच्या बाजूने ठोका: घट्ट बर्फ ठक्क वाजतो, खडकापासून सुटलेला बद्द वाजतो. निळा बर्फ दाट असतो, पांढऱ्यात हवा असते. काल निळा होता आणि आज दुधाळ, मळकट दिसतोय, तर उन्हाने तो आतून पोखरलाय. पातळ, पारदर्शक बर्फातून ऊन आरपार जाऊन मागचा काळा खडक तापवतं, म्हणून कडा आधी सुटतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या, सावलीतल्या भिंती घ्या. ऊन वरच्या सुळ्यांना लागायच्या आत दोर काढून खाली आलेलं असायचं. बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, धबधब्याच्या रेषेत नको. बाजूला, खडकाच्या आडोशाला उभा करा.

मान वर करून धबधब्याच्या डोक्यावर काय आहे तेही बघा. गोठलेले धबधबे बहुतेक घळींत असतात, आणि वरच्या उतारावरचं हिम खाली यायची वाटही तीच. हिमावर पाऊस पडला की त्याचं वजन वाढतं आणि आतले धागे सुटतात. हिमस्खलनाचा धोका पाऊस सुरू झाल्या झाल्या चढतो. अशा वेळी बर्फ कितीही घट्ट असला तरी घळीत पाय टाकायचा नाही.

भिजल्यावरचं थोडक्यात: ओली दोरी झटका सोसायला कमी पडते, मग गोठून काठीसारखी होते, बिले डिव्हाइसमध्ये अडते आणि दोरीला आवळून धरणारी प्रुसिकची गाठ तिच्यावरून सरकते. ड्राय ट्रीटमेंटची, म्हणजे पाणी कमी पिणारी, दोरी घ्या. एक अंशावर पावसात भिजलेला माणूस उणे दहातल्या कोरड्या माणसापेक्षा लवकर गारठतो, म्हणून कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत.

राहिलं तिकीट. ऊन-पावसात चढायचा हट्ट बहुतेकदा धबधब्यामुळे होत नाही, सचखंड एक्सप्रेसच्या परतीच्या आरक्षणामुळे होतो. हिवाळ्यात मनालीकडचा कुंझुम घाट बंद असतो, जायचा-यायचा रस्ता किन्नौरचाच, आणि ऊब आली की नाकोजवळच्या मलिंग नाल्याच्या बाजूला तिथेही दगड सुटतात. म्हणून काझात किमान दोन दिवस रिकामे धरून मग आरक्षण करा. त्या दिवसांत चढता आलं नाही, तर जवळच्या सावलीतल्या नाल्यावर, पाय जमिनीवर ठेवून, अबालाकोव्हची भोकं पाडायचा सराव करा. अंधारात, हातमोजे घालून, दोन्ही भोकं आत भेटेपर्यंत.