दूध कमी करा, लिंबू पिळा

दीड-दोन वर्षांचं पोर जेवायला तोंडच उघडत नाही, मग आपण "निदान दूध तरी पोटात जाऊ दे" म्हणून दिवसाला चार बाटल्या पाजतो, आणि लोहाचा घोळ तिथेच सुरू होतो. दुधात लोह जवळपास नसतंच, वर पोट भरतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. त्यामुळे आधी दूध दिवसाला ४००-५०० मिलीवर आणा, तेही जेवणासोबत नको. चहा-बिस्किट तर अजिबातच नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

१ ते ३ वर्षांच्या मुलांना रोज साधारण ८ मिग्रॅ लोह लागतं. पालकाच्या फार मागे लागू नका, त्यातलं लोह अंगी कमीच लागतं. आमच्याकडे चालतं ते म्हणजे लोखंडी कढईत शिजवलेलं मसुराचं घट्ट वरण, मऊ भातात कालवून वर लिंबू, त्याने लोह नीट शोषलं जातं. फक्त शिजलं की लगेच स्टीलच्या भांड्यात काढायचं, नाहीतर काळं पडतं आणि बाईसाहेब वाटी ढकलून देतात. भिजवलेले हळीव अर्धा चमचा धिरड्याच्या पिठात घातले तर कळतही नाही. घरी नॉनव्हेज चालत असेल तर मऊ खिमा बेस्ट.

तरी चेहरा फिकट वाटला, माती-खडू खात असेल तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासा. सिरप मनाने सुरू करू नका, आणि दिलंच तर बाटली उंचावर ठेवा, जास्त पोटात गेलं तर धोकादायक असतं. शी काळी झाली तर घाबरू नका, सिरपने होते.