कामावरून कमी केल्यावर उमेद कशी टिकवायची

आधी पैशांचा हिशोब कागदावर मांडा. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी क्वालिटीला होतो. तिथून आम्हा बऱ्याच जणांना एकदम कमी केलं, तेव्हा माझी झोप उडवली ती न मांडलेल्या आकड्यांनी. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी हक्काची आहे: शेवटचा महिन्याचा बेसिक-डीए (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक-डीए 26,000 आणि नोकरी आठ वर्षं, तर 1,20,000 रुपये, आणि ते 30 दिवसांत मिळायला हवेत. त्यात रजेचे आणि नोटिशीचे पैसे मिळवा, हप्ता, किराणा, शाळेची फी धरून महिन्याच्या खर्चाने भागा. ‘आपलं कसं होणार’ याऐवजी ‘दिवाळीपर्यंत भागतंय’ असं उत्तर हाती आलं की मुलाखतीत आवाजसुद्धा बदलतो. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सध्या चालू आहे का, याची चौकशी ईएसआयच्या शाखेत जाऊन करा. अटींत बसलात तर सरासरी रोजाच्या 50 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवसांची मिळते. पीएफला शक्यतो हात लावू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो आणि व्याजही चालू राहतं.

घरी त्याच दिवशी सांगा. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं आणि दिवसभर कुठेतरी बसून राहायचं, असं करणारे मी पाहिलेत. ते नोकरी शोधण्याआधीच थकतात.

नातेवाईक विचारणारच. त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: “काका, क्वालिटीतलं काम बघतोय, रांजणगाव, तळेगाव, वाळूज कुठेही चालेल. तुमच्या ओळखीत कुणी आहे का?” हळहळ तिथेच थांबते आणि कधी कधी एखादा नंबरही मिळतो. माझी पहिली मुलाखत अशीच, मेव्हण्याच्या मित्राकडून आली.

आता मुख्य गोष्ट. उत्तरं किती आली हे मोजू नका, आपण काय केलं ते मोजा. मी दोनशे पानी वही घातली होती: कंपनी, कुणाशी बोललो, काय ठरलं, पुन्हा फोन कधी. “पोझिशन होल्डवर आहे” हे वाक्य त्या वहीत इतक्या वेळा आलं, की त्याचा माझ्या लायकीशी संबंध नाही हे मला डोळ्यांनी दिसलं. नोकरी शोधायचं काम सकाळी नऊ ते एक. दुपारनंतर पोर्टल उघडायचं नाही, कारण तेव्हा आपण अर्ज करत नसतो, नुसतं मोबाइल खाली-वर सरकवत बसतो.

मन अगदीच खचलं त्या दिवशी नवा अर्ज करू नका, बायोडेटातली एक ओळ सुधारा. ‘क्वालिटी विभागात काम केले’ ही ओळ मी अशी केली: ‘ब्रॅकेट लाइनवर इनकमिंग ते डिस्पॅच तपासणी, ग्राहकाच्या तक्रारींवर 8डी रिपोर्ट, पीपीएपीची कागदपत्रं स्वतः तयार केली.’ (8डी म्हणजे तक्रारीचं मूळ आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा रिपोर्ट, पीपीएपी म्हणजे पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत.) लिहिता लिहिता आठवतं की आपल्याला बरंच येतं. त्या दिवसांत मला दुसऱ्या कशानेही इतका धीर दिला नाही.

बरोबर कमी केलेल्यांचा ग्रुप ठेवा, पण तिथे फक्त जागांची माहिती टाकायची असं ठरवून घ्या. कंपनीला शिव्या घालायला चहाची टपरी आहे. रजिस्ट्रेशन किंवा डिपॉझिटच्या नावाखाली नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याचा नंबर त्याच ग्रुपवर टाका आणि ब्लॉक करा.

मुलाखतीत “का सोडली?” विचारतील. “विभागातली माणसं कमी केली, त्यात मी होतो,” एवढं सांगून लगेच कामाकडे या. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा फाइलमध्ये वरच ठेवा.

मधल्या काळात कॉन्ट्रॅक्टचं काम आलं तर, ते आपल्याच लाइनचं असेल आणि मुलाखतीला अर्धा दिवस सुट्टी मिळणार असेल, तर घ्या. सुट्टीचं मात्र रुजू होण्याआधी सुपरवायझरशी स्पष्ट बोलून घ्या.