अमेरिकेत कॉलेज सॉकरचा कोच व्हायचंय? माझा अनुभव

कोल्हापूरची, पुण्याची, मधे गोव्याची पण दोन पोरं फोन करून हेच विचारत होती, की दादा अमेरिकेत फुटबॉल (इथे त्याला सॉकर म्हणतात) कोचिंगमध्ये करिअर होतं का. दर वेळी तास तास बोलणं होतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मी मिडवेस्टमधल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या तीन पातळ्यांपैकी तिसरी) कॉलेजच्या मुलांच्या टीमचा हेड कोच आहे, हा तिसरा सीझन. त्याआधी दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट आणि चार वर्षं असिस्टंट कोच. त्याच्याही आधी कोल्हापुरात पेठेतल्या टीमकडून शाहू स्टेडियमवर खेळायचो.

आधी इथली रचना समजून घ्या, कारण सगळे जण फक्त डिव्हिजन वनची मोठी नावं बघून येतात. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळ चालवणारी संघटना, तिच्या डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या सॉकर टीम दोनशेच्या आसपासच आहेत आणि डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेच्या वर. म्हणजे नोकऱ्या कुठे जास्त आहेत ते बघा. अजून एक, १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर (शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणारा) मुलींचे खेळ खूप वाढले, आज डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या सॉकर टीम मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे असिस्टंटची जागा शोधताना मुलींच्या टीमकडे पण अर्ज करा, तिथे शिकलेलं कुठेही वाया जात नाही.

आत शिरायचा आपल्यासारख्यांचा रस्ता म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटशिप. मास्टर्स करायचं, बऱ्याच ठिकाणी फी माफ होते किंवा बरीच कमी होते, थोडा स्टायपेंड मिळतो आणि बदल्यात टीमचं पडेल ते काम करायचं. मी पहिल्या वर्षी कोन लावले, व्हिडिओ कापले, बिब्स धुतले, व्हॅन चालवली, आणि हे सगळं करताना हेड कोच पोरांशी कसा बोलतो ते जवळून बघायला मिळालं. सोबत यूएस सॉकरची (इथल्या फुटबॉल फेडरेशनची) कोचिंग लायसन्स सुरू करा, ग्रासरूट्स, मग डी, सी, बी असं वर जायचं. जानेवारीत युनायटेड सॉकर कोचेस या कोचांच्या संघटनेचं कन्व्हेन्शन असतं तिथे एकदा तरी जा, कारण पुढची नोकरी बहुतेक वेळा ओळखीतून कळते.

व्हिसाचं सांगतो, हे कोणी आधी सांगत नाही. स्पोर्ट्स मॅनेजमेंटसारख्या डिग्रीवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची मिळते. त्यानंतर एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. या व्हिसांची संख्या मर्यादित असते आणि ते लॉटरीने मिळतात, पण कॉलेज आणि युनिव्हर्सिटीला तो कॅप लागू नाही ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे, पण कोचच्या पोस्टला ठरावीक डिग्री लागतेच हे कॉलेजला दाखवावं लागतं, आणि छोटी कॉलेजं त्या खर्चाला आणि कागदांना घाबरतात. म्हणून इंटरव्ह्यूमध्येच स्पष्ट विचारा, लाजू नका. नियम बदलत राहतात, तेव्हा कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून ताजी माहिती घ्या. मी असिस्टंट असताना तिसऱ्या वर्षी आमच्या हेड कोचला काढलं आणि नवा आला तो स्वतःची माणसं घेऊन आला. हेड कोच गेला की असिस्टंट पण जातात, हे या धंद्यात ठरलेलंच आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत मी रोज सकाळी उठून दहा-बारा मेल टाकायचो, घरी आईला काही सांगितलं नव्हतं. ४१ व्या दिवशी एका कोचचा फोन आला, ज्याला मी कन्व्हेन्शनला खुर्च्या उचलायला मदत केली होती.

आता खरं काम. लोकांना वाटतं हेड कोच म्हणजे फॉर्मेशन आणि हाफटाइमचं भाषण. माझं निम्म्याहून जास्त काम रिक्रूटिंग आहे आणि तुम्हाला हे आवडत नसेल तर बाकी कितीही येत असलं तरी टिकणं अवघड आहे. थंडीत शोकेस टुर्नामेंट असतात, जिथे शाळेतली पोरं कॉलेजच्या कोचांसमोर खेळतात, एका कॉम्प्लेक्समध्ये दहा-दहा ग्राउंड, मी घडीची खुर्ची आणि वही घेऊन सकाळी आठपासून बसतो. गोल कोणी मारला ते मी लिहीत नाही, ते कुणीही लिहितं. बॉल गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत पोरगा काय करतो, सब होऊन बाहेर आला की पाण्याची बाटली फेकतो का आत गेलेल्याला टाळी देतो, आणि मॅच संपल्यावर आईवडिलांशी कसा बोलतो, एवढं लिहितो. बाटली फेकणाऱ्याच्या नावापुढे मी फक्त एक टिंब देतो आणि तो परत दिसला तर परत बघतो, कारण १७ वर्षांच्या पोराचा एक वाईट दिवस पण असू शकतो.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, जी मदत मिळते ती मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. इथे माझी एक चूक झाली. हेड कोच म्हणून पहिल्याच वर्षी एका गोलकीपरच्या आईला मी अंदाजाने सांगून बसलो की साधारण एवढी मदत मिळेल, आणि कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसचं पत्र आलं ते बरंच कमी. तोवर त्या पोराने दुसऱ्या कॉलेजला 'येत नाही' असं कळवून टाकलं होतं. ती बाई फोनवर चिडली नाही, फक्त म्हणाली की आम्ही तुमच्या शब्दावर थांबलो होतो. तेव्हापासून ऑफिसचं पत्र येईपर्यंत मी एक आकडा तोंडातून काढत नाही.

सीझन ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, आठवड्याला दोन मॅच, मधे मिडटर्म. कॉलेजच्या नियमांत बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो, त्यामुळे १८-२० पोरं खरोखर खेळतात आणि बेंचवरच्याला तयार ठेवणं हे मोठं काम होतं. २०२२ पासून रेग्युलर सीझनमधला ओव्हरटाइम बंद झालाय, बरोबरी ती बरोबरी.

ऑगस्टमधला सगळ्यात जड दिवस म्हणजे कट करण्याचा. कोल्हापुरात एकदा जर्सी वाटताना नावं वाचली आणि माझं नाव आलंच नाही, मी सगळ्यांसमोर तसाच उभा होतो, सायकल घेऊन घरी येईपर्यंत काही सुचलं नाही. म्हणून मी दारावर यादी लावत नाही. प्रत्येकाला वेगळं बोलावतो, दार लावून पहिल्या वाक्यातच सांगतो की या वर्षी टीममध्ये जागा नाही, मग कारण सांगतो, मग गप्प बसतो. काही रडतात. एक पोरगा नुसता बुटाच्या लेस बघत बसला होता. तो पुढे आमचा मॅनेजर झाला आणि आता एका हायस्कूलला कोच आहे.

वर जायची घाई असेल तर ख्रिस ग्रासीचं उदाहरण बघा, आधी डिव्हिजन टूमध्ये हेड कोच, मग मार्शल युनिव्हर्सिटीला आला आणि २०२० च्या सीझनचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पण मला जास्त भावतो तो जे मार्टिन, ओहायो वेस्लियनसारख्या छोट्या कॉलेजात चार दशकांहून जास्त काळ राहिला, १९९८ आणि २०११ मध्ये डिव्हिजन थ्री जिंकली. आणि इंडियानाचा जेरी येगली, त्याची टीम १९७३ पर्यंत साधा क्लब होती, नंतर सहा वेळा राष्ट्रीय विजेती.

अर्जाची मेल लिहिताना सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. त्या कॉलेजची एक मॅच पूर्ण बघा, बऱ्याच मॅच ऑनलाइन फुकट दिसतात, आणि काय दिसलं ते चार ओळींत लिहा, मग स्वतःबद्दल. रिझ्युमे मला पाठवलात तर वाचून सांगेन, फक्त नोव्हेंबरनंतर पाठवा, सीझनमध्ये खरंच वेळ होत नाही.