डॉक्टर बदलायचाय? आधी बाळाची फाईल हातात घ्या

लेकराच्या डॉक्टरांवरचा विश्वास उडाला, दुसरीकडे दाखवावंसं वाटलं, यात गैर काही नाही. घोळ होतो तो जायच्या पद्धतीत. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून लोक गुपचूप दुसरा दवाखाना गाठतात आणि जुन्या चिठ्ठ्या घरीच ठेवतात. मग नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रक्त पुन्हा, एक्सरे पुन्हा, आणि कधीकधी जे अँटिबायोटिक चालू होतं तेच वेगळ्या नावाने पुन्हा.

त्याआधी हातात वेळ आहे का ते बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर थांबू नका. बाळ कुठल्याही वयाचं असो, दूध-पाणी घेत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतं, झटके येतात, हाका मारूनही नीट जागं होत नाही, श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतो, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, तिथून वर्षापर्यंत ५०, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून जास्त भरले तर श्वास जलद आहे. अशा वेळी जुना डॉक्टर की नवा, हा विषय नंतर.

आता विश्वास कशामुळे उडाला ते तपासा. साधा व्हायरल ताप तीन-चार दिवस राहतो, त्यामागचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. इंजेक्शन दिलं नाही, सलाईन लावलं नाही, एवढ्यावरून डॉक्टर बदलत असाल तर थांबा. तो डॉक्टर बहुधा बरा आहे. खरी कारणं वेगळी असतात. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तरी वजन न करताच औषध लिहिलं जातं. दर भेटीला इंजेक्शन, पण त्यात काय होतं ते सांगत नाहीत. निदान कागदावर येत नाही. दोन-तीन महिने वजन हललेलं नाही, तरी ‘बघू पुढच्या वेळी’. पाटीवरची पदवीही वाचा. बालरोगाचं शिक्षण म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीसीएच.

सांगायचं ते ओपीडीची गर्दी ओसरल्यावर, आणि शक्यतो आई-बाबा दोघांनीच. सोबत चार नातेवाईक नेले की बोलणं भांडणावर जातं. “सर, खोकल्याला महिना झाला, आमच्या जिवाला चैन नाही. एकदा दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवतो. आतापर्यंत काय दिलं, काय तपासलं, तेवढं एका कागदावर लिहून द्या.” एवढं पुरे. ‘तुमच्या औषधाने गुण नाही’ हे वाक्य गिळून टाका, त्याने कागद मिळत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतला हक्क आहे. पण पहिल्याच वाक्यात सनद काढायची गरज सहसा पडत नाही.

कागदांत कंजुषी नको. सगळ्या चिठ्ठ्या तारखेने लावा, त्यावर तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारं आई-बाळाचं कार्ड), लसीकरणाच्या नोंदी आणि वजनाचा तक्ता ठेवा. एक्सरेचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी मागा. रक्त-लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलं असेल तर रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तो लॅबमधून नंतर घ्यायचा आहे हे लिहून ठेवा. अँटिबायोटिकचा एखादा डोस जरी झाला असेल तरी नव्या डॉक्टरांना सांगा, कारण त्यानंतर घेतलेलं कल्चर खोटंच स्वच्छ येऊ शकतं. दाखल केलेल्या मुलाच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. झेरॉक्सचे पैसे द्यावे लागतात.

औषधाच्या बाटल्याही पिशवीत घाला, रिकामी असली तरी. पॅरासिटामॉलचंच बघा. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, एका सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५, तर दुसऱ्याच्या ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी सुमारे १५० मिलीग्रॅम लागतं. म्हणजे ड्रॉप्स असतील तर दीड मिली, जोरकस सिरप असेल तर ३ मिली, साधं असेल तर ६ मिली. डॉक्टर बदलला, ब्रँड बदलला, आणि आजीने जुन्याच सवयीने टोपण भरलं की डोस दुप्पट होतो. दोन डॉक्टरांची दोन वेगळ्या नावांची बाटली एकाच वेळी चालू राहणं हाही नेहमीचा प्रकार. नव्या डॉक्टरांसमोर बाटल्या टेबलावर मांडा आणि कुठली बंद करायची ते विचारून तिथेच तिच्यावर फुली मारा.

मूल दाखल असेल तर वाट जरा लांबते. बेळगावच्या बिम्ससारख्या, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या, शिकवणाऱ्या रुग्णालयात मूल एका युनिटखाली, म्हणजे डॉक्टरांच्या एका ठरावीक गटाखाली असतं. रोज दिसणारे शिकाऊ डॉक्टर निर्णय घेत नाहीत, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. युनिटप्रमुखांना भेटायची वेळ मागा, नाही जमलं तर विभागप्रमुख, मग वैद्यकीय अधीक्षक. वॉर्डात कन्नड किंवा इंग्रजीच चालली असेल तर मराठीत समजावायला सांगा. समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हेही त्याच रुग्णहक्क सनदेत आहे. कन्नड संमतीपत्र वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नको.

‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’वर सही करणं हा शेवटचा मार्ग. त्याऐवजी रेफर करून मागा. ऑक्सिजनवरचं मूल रागाच्या भरात गाडीत घालून कोल्हापूर किंवा मिरजेला नेणं जिवावर बेतू शकतं. आधी तिथे फोन करून लहान मुलांच्या आयसीयूत बेड आहे का विचारा, ऑक्सिजनची अँब्युलन्स ठरवा, सोबत डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा डोस किती वाजता दिला याची नोंद घ्या.

खासगी दवाखाना कागद देत नसेल किंवा बिलावरून अडवत असेल तर केपीएमई कायद्याखालच्या (कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांसाठीचा कायदा) जिल्हा तक्रार निवारण प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करा. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती कर्नाटक मेडिकल कौन्सिल, बेंगळूरू इथे.

राहिला पैशांचा भाग. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण खासगी रुग्णालयात जायला तातडीचे प्रसंग सोडले तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. डॉक्टर बदलताना नेमकी हीच चिठ्ठी विसरली जाते. महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांसाठी आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावरून दोन सरकारांत वाद झाला. त्यामुळे कुठलंही कार्ड घेऊन सीमेपलीकडे जाणार असाल तर दाखल करण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर कार्ड दाखवा आणि हा उपचार यात बसतो की नाही ते विचारून घ्या.