ऑफिसात मूड गेला की बायबलमधला एलीया संदेष्टा आठवा
हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऑफिसला पोचेपर्यंतच सकाळचा चांगला मूड गेलेला असतो, त्यात क्लायंटचा एखादा खोचक मेल येतो आणि मग कुणाशी बोलावंसं पण वाटत नाही. अशा वेळी लगेच "माझा विश्वास कमी पडतोय" असं मनाला लावून घेऊ नका. बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचा. एलीया इतका खचला होता की झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागत होता, आणि देवाने त्याला प्रवचन नाही दिलं, झोपू दिलं, दूताकडून भाकर अन् पाणी दिलं, तेही दोनदा! म्हणून आधी डबा खा, पाणी प्या, मग जिन्यात जाऊन स्तोत्र ४२ मधलं हळूच म्हणा, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" त्यात मूड लपवलेला नाही, स्वतःच्या जिवाशी बोलून देवाची आशा धर म्हटलंय, हे मला फार धीर देतं. रागात टाइप केलेला मेल ड्राफ्टमध्येच ठेवा, प्रार्थना झाली की परत वाचा, मग पाठवा. उदासी आठवडेच्या आठवडे हटतच नसेल तर चर्चच्या पाळकांशी बोला आणि डॉक्टरकडेही जा, दोन्ही करा.