फॉर्मसाठी फोटो लहान करायचाय? घरच्या संगणकावर काय पुरेसं आहे

सॉफ्टवेअर शोधायच्या आधी फॉर्मवर नेमकं काय मागितलंय ते वाचा. तिथे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये, फाइलचा आकार केबीमध्ये, आणि लांबी-रुंदीचं प्रमाण. प्रत्येकासाठी करायचं काम वेगळं आहे. पिक्सेल कमी करणं म्हणजे रीसाइझ, केबी कमी करणं म्हणजे जेपेगची (जेपीजी प्रकारच्या फोटो-फाइलची) क्वालिटी उतरवणं, आणि प्रमाण जुळवायचं तर क्रॉप. तिन्हींची गल्लत केली की कितीही चांगलं साधन हाती असलं तरी फॉर्म 'इनव्हॅलिड फाइल' म्हणत राहतो.

आयबीपीएसच्या (बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) बँक भरतीचं उदाहरण घेऊ, कारण अनेक घरांत संगणकावर फोटो लहान करायची वेळ अशाच फॉर्मपायी येते. फोटो २००×२३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी. सही १४०×६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. अंगठ्याचा ठसा २४०×२४० पिक्सेल, २० ते ५० केबी. हस्तलिखित घोषणापत्र ८००×४०० पिक्सेल, ५० ते १०० केबी. (प्रत्येक जाहिरातीतले आकडे त्या त्या वेळी ताडून पाहा.)

फोनचा फोटो साधारण ३०००×४००० पिक्सेलचा असतो. त्याची रुंदी थेट २०० केली तर उंची २३० होत नाही, २६७ होते. इथे बरेच जण 'मेंटेन आस्पेक्ट रेशो'ची खूण काढून उंचीत २३० टाइप करतात आणि चेहरा दाबल्यासारखा रुंद दिसू लागतो. म्हणून आधी क्रॉप, मग रीसाइझ. २००×२३० साठी मूळ फोटोतून २०००×२३०० चा तुकडा कापा. प्रमाण तेच राहतं, पुढे लहान करताना काहीही वेडंवाकडं होत नाही.

आता साधनं. विंडोजमध्ये आधीपासून असलेला पेंट एकट्या-दुकट्या फोटोला पुरतो. कंट्रोल + डब्ल्यू दाबा, 'पर्सेंटेज'ऐवजी 'पिक्सेल्स' निवडा, रुंदी टाका, ओके करा. मग एफ-१२ दाबून नव्या नावाने सेव्ह करा. कंट्रोल + एस दाबलंत तर मूळ फोटो पुसून त्या जागी छोटा बसतो, आणि लहान केलेला फोटो परत मोठा केला तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत. पेंटची खरी उणीव वेगळीच आहे: जेपेगची क्वालिटी तुमच्या हातात नसते. जे केबी येतील ते घ्यायचे.

विंडोजच्याच फोटोज अ‍ॅपमध्ये ती सोय आहे. फोटो उघडून वरच्या तीन टिंबांच्या मेन्यूत 'रीसाइझ इमेज' निवडा. पिक्सेल टाकायची जागा, क्वालिटीची सरकपट्टी, आणि नवी फाइल किती केबीची होईल तो आकडा तिथेच दिसतो. नवं काही बसवायचं नसेल तर आमची पहिली शिफारस हीच.

पण वर्षातून तीन-चार फॉर्म भरायचे असतील तर इरफानव्ह्यू बसवून घ्या. बोस्नियात जन्मलेल्या इरफान श्किल्यान यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर आकाराने लहान आहे, जुन्या संगणकावरही झटकन चालतं आणि घरगुती वापराला फुकट आहे. ते त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. 'फ्री डाउनलोड'ची मोठी हिरवी बटणं दाखवणाऱ्या पानांवरून घेतलंत तर सोबत भलतंच काहीतरी येऊ शकतं.

फोटोसाठी त्यातल्या पायऱ्या अशा:

१. ओ दाबून फोटो उघडा. शिफ्ट + सी दाबून रुंदी २०००, उंची २३०० टाका. चौकट उजव्या बटणाने ओढून चेहऱ्यावर नीट बसवा. कंट्रोल + वाय दाबलं की बाकीचं कापलं जातं. चेहरा चौकटीत फारच लहान दिसत असेल तर १२००×१३८० घ्या, प्रमाण तेच आहे.

२. कंट्रोल + आर दाबून २००×२३० टाका. 'रीसॅम्पल' निवडलेलं असू द्या, फिल्टर लॅन्क्झॉस. त्याने केस आणि डोळे स्वच्छ राहतात, नुसत्या 'रीसाइझ'ने कडा दातेरी होतात.

३. एस दाबा, म्हणजे 'सेव्ह अ‍ॅज' उघडेल. प्रकार जेपीजी. शेजारच्या खिडकीत क्वालिटी ९० ठेवून पाहा, नाहीतर 'सेट फाइल साइझ'मध्ये ४० लिहा, म्हणजे क्वालिटी इरफानव्ह्यूच ठरवतं. ५० ची मर्यादा असताना ५० लिहू नका, थोडी जागा सोडा.

सहीचं दुखणं उलटं असतं. १४०×६० पिक्सेलची फाइल बहुतेक वेळा १० केबीच्या खालीच राहते, आणि लोक ती आणखी 'कॉम्प्रेस' करत बसतात. कारण सोपं आहे: इतक्या पिक्सेलचा रंगीत डेटा अजिबात न दाबताही जेमतेम २५ केबीचा होतो, त्यात बराचसा भाग सपाट पांढरा, आणि सपाट रंग जेपेगमध्ये जवळपास जागाच घेत नाही. उपाय क्रमाने करा. क्वालिटी १०० करा. इरफानव्ह्यूच्या त्याच खिडकीत क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगांचे बारकावे कमी करून फाइल हलकी करायची पद्धत) बंद करायची खूण करा. कागद झगझगीत पांढरा करणारे फिल्टर लावू नका आणि सही कृष्णधवल करू नका, दोन्हींनी फाइल आणखी हलकी होते. तरीही भरत नसेल तर २८०×१२० घ्या, पण फॉर्मच्या सूचनेत पिक्सेलच्या आकड्यापुढे 'प्रेफर्ड' लिहिलं असेल तरच. तिथे केबी सक्तीचे असतात, पिक्सेल नव्हे. क्रॉप ७:३ च्या प्रमाणात हवा. सही काळ्या शाईने, दिवसाउजेडी, कागदावर फोनची सावली न पडू देता टिपा. आयबीपीएसला इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही, हे सॉफ्टवेअरने सुटणारं नाही.

डीपीआयचा, म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे त्या आकड्याचा, बाऊ करू नका. ठशासाठी '२४० पिक्सेल, २०० डीपीआय' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कागदावर सुमारे ३ सेंटीमीटर, एवढाच. ८००×४०० चा अर्थ १० बाय ५ सेंटीमीटर. पिक्सेल बरोबर असतील तर डीपीआयची नोंद बदलून फाइल ना हलकी होते ना स्पष्ट. छापायचं असेल तेव्हा मात्र हिशेब लागतो: ३५×४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला ३०० डीपीआयने ४१३×५३१ पिक्सेल हवेत, ४×६ इंची छापाला १२००×१८००. फॉर्मसाठीचा २००×२३० चा फोटो त्या हिशेबाने जेमतेम १७ मिलिमीटर रुंद छापला जाईल. तो स्टुडिओत देऊ नका, मूळ फाइल द्या.

लग्नाचे दोनशे फोटो नातेवाइकांना पाठवायचे तर वरचं काहीच नको. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज बसवा, ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये फुकट आहे. सगळे फोटो निवडून उजवं क्लिक, इमेज रीसाइझरचा पर्याय, 'लार्ज' म्हणजे १९२०×१०८०, झालं. ठरावीक सेटिंगमध्ये ते प्रती तयार करतं आणि मूळ फोटोंना हात लावत नाही. 'रीसाइझ द ओरिजिनल पिक्चर्स'ला चुकूनही खूण करू नका. 'रिमूव्ह मेटाडेटा'ला केली तर फोटो कुठे काढला ती जागेची नोंदही निघून जाते, घरचे फोटो लांबवर फिरणार असतील तर ते बरंच.

मॅकवर प्रिव्ह्यू पुरे: टूल्स, मग अ‍ॅडजस्ट साइझ. तो आपोआप सेव्ह करतो, म्हणून आधी डुप्लिकेट करून घ्या. केबी उतरवायला 'एक्स्पोर्ट'मधली क्वालिटीची पट्टी आहे. लिनक्सवर जिम्प चालेल, पण एवढ्याशा कामाला ते अवजड आहे.

'२० केबीत फोटो करा' म्हणणारी संकेतस्थळं सोपी असतात खरी, पण सही, ठसा आणि आधारचा फोटो परक्या सर्व्हरवर चढवायची काही गरज नाही. ब्राउझरच हवा असेल तर गूगलच्या क्रोम चमूने केलेलं स्क्वूश वापरा. त्यात प्रक्रिया तुमच्याच संगणकावर होते.

एवढं करूनही फाइल नाकारली गेली तर हे तपासा. फोनवरून फोटो व्हॉट्सअ‍ॅपने आणला असेल तर तो आधीच दाबलेला असतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या. आयफोनच्या एचईआयसी फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्याने ती जेपेग होत नाही, उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करावं लागतं. वर्डमध्ये चित्र टाकून कोपरा ओढला तर फक्त दिसणं लहान होतं, फाइल तशीच राहते. आणि केबी पाहताना फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधली 'साइझ' ही ओळ वाचा. खालची 'साइझ ऑन डिस्क' बहुधा ४ केबीच्या पटीत वर ढकललेली असते, त्यामुळे ९ केबीची सही तिथे १२ केबीची दिसते आणि फॉर्म ती लहान म्हणून परत करतो.