सेकंड इलेव्हनचं बोलावणं म्हणजे करार नव्हे

मुलगा काउंटीच्या अंडर-१५ मध्ये आहे, अकॅडमीकडून विचारणा झाली आहे, आता पुढे काय? असं विचारणारे मराठी आईबाप मला इंग्लंडभर भेटतात. हल्ली मुलंही थेट विचारतात. १८ काउंटी म्हणजे व्यावसायिक संघ, दोन डिव्हिजन, एप्रिल ते सप्टेंबरमध्ये चार दिवसांचे १४ सामने, मध्ये टी-२० ची ब्लास्ट, ऑगस्टमध्ये वन-डे कप आणि १०० चेंडूंची द हंड्रेड एकाच वेळी, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. मला बोलायचंय ते अकॅडमी संपल्यापासून पहिला करार हातात पडेपर्यंतच्या काळाबद्दल. या काळाबद्दल कोणी धड सांगत नाही, आणि माझे उमेदीचे उन्हाळे त्यातच गेले.

आधी घरच्यांसाठी. पुण्या-मुंबईचे नातेवाईक उदाहरणं देतात: सचिन १९९२ मध्ये यॉर्कशायरकडून खेळला, झहीरने २००६ मध्ये वूस्टरशायरसाठी ७८ बळी घेतले, रहाणे २०२४ मध्ये लेस्टरशायरकडून खेळला. ते सगळे परदेशी खेळाडू म्हणून आले. त्या जागा मोजक्या असतात आणि त्यासाठी आधीच मोठं नाव लागतं. इथे वाढलेल्या मुलाचं दार वेगळं आहे. इंग्लंडकडून खेळायला पात्र ठरायचं तर ब्रिटिश नागरिकत्व हवं, आणि जन्म इथला नसेल तर ३ वर्षांचा निवासही. आईबाप वर्क व्हिसावर आले असतील तर मुलाची गणना कशात होते, हे काउंटीकडून लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

आता मुख्य गोष्ट: ट्रायल.

अकॅडमीतून करार न मिळता बाहेर पडलात की एखाद्या दिवशी फोन येतो, “मंगळवारी सेकंड इलेव्हनचा सामना आहे, येशील का?” सेकंड इलेव्हन म्हणजे काउंटीचा राखीव, दुसरा संघ. घरात पेढे वाटले जातात. पण हा फोन का येतो ते समजून घ्या. काउंटीकडे करारबद्ध खेळाडू वीस-पंचवीस असतात. त्यातले काही जखमी, एखाद-दुसरा इंग्लंडकडे, उन्हाळ्याच्या मध्यावर बरेच ब्लास्ट किंवा हंड्रेडमध्ये. तरी सेकंड इलेव्हनचा सामना खेळायचा असतोच, आणि मैदानात अकरा जण उभे करावे लागतात. मग ट्रायलिस्ट, म्हणजे करार नसलेले, चाचणीवरचे खेळाडू, बोलावले जातात. कधी खरंच तुम्हाला पाहायचं असतं, कधी फक्त अकरावा माणूस हवा असतो. फोनवरून हा फरक कळत नाही. प्रशिक्षकांचं बोलणं दोन्ही वेळा तितकंच प्रेमळ असतं.

मी डावखुरा फिरकी गोलंदाज. एका काउंटीने मला पुन्हा पुन्हा बोलावलं. बळी मिळत होते, पाठीवर थाप पडत होती, “आमचं लक्ष आहे तुझ्यावर” हे वाक्य कानावर पडत होतं. त्यासाठी मी शनिवारचे क्लबचे प्रीमियर लीगचे (इथल्या क्लब क्रिकेटच्या वरच्या पातळीचे) सामने सोडले, शिकवणीचं काम सोडलं, दुसऱ्या काउंटीची चौकशी आली तीही टाळली. त्या संघात डावखुरे फिरकी गोलंदाज आधीच दोन होते आणि दोघांचे करार पुढच्या हंगामापर्यंतचे होते. मी डावात दहा बळी घेतले असते तरी जागा निघणार नव्हती. आणि ही माहिती गुप्त नव्हती. कोणाचा करार किती वर्षांनी वाढवला हे काउंट्या स्वतःच्या वेबसाइटवर अभिमानाने छापतात.

म्हणून फोन आला की आधी वही काढा. त्या काउंटीत तुमच्यासारखं काम करणारे किती आहेत, त्यांची वयं काय, कोणाचा करार या सप्टेंबरमध्ये संपतोय, अकॅडमीतून त्याच कामाचं पोरगं वर येतंय का, सगळं लिहून काढा. मग प्रशिक्षकाला सरळ विचारा, “पुढच्या वर्षी डावखुऱ्या फिरकीसाठी जागा असणार आहे का?” आपल्याकडे मोठ्यांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. विचारा. चांगला प्रशिक्षक उत्तर देतो, आणि टोलवाटोलवी करणाऱ्याने खरं तर उत्तर दिलेलंच असतं. जागा नसेल तरी एक-दोन सामने जरूर खेळा, कारण समोरच्या संघाचे प्रशिक्षकही पाहत असतात. पण त्यासाठी सगळा उन्हाळा मोकळा ठेवू नका. प्रवासखर्च मिळाला तर मिळाला, पगार नसतो.

आणि क्लब सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. दर शनिवारी प्रीमियर लीगमध्ये केलेल्या धावा स्कोअरकार्डवर कायम राहतात. सेकंड इलेव्हनमध्ये आठव्या क्रमांकावर येऊन काढलेल्या नाबाद १२ कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

एजंटबद्दल माझं मत कडवट आहे. करार समोर असेल तर एजंट त्यातल्या अटींवर घासाघीस करेल, पण नसलेली जागा तो निर्माण करू शकत नाही. तासावर पैसे घेणाऱ्या खासगी कोचचंही तसंच. इनडोअर नेट्समध्ये मशीनसमोर सुंदर ड्राइव्ह मारणारी मुलं एप्रिलमध्ये ओलसर खेळपट्टीवर इथला ड्यूक्स चेंडू हलायला लागला की स्लिपमध्ये झेल देतात. तिथे मुंबईचा जुना खडूसपणा लागतो: ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायचा, पुन्हा सोडायचा, गोलंदाजाला आपल्याकडे यायला लावायचं. हे शिकवायला नावाजलेला माजी कसोटीपटू लागत नाही. क्लबमधला पस्तिशीचा, कधीकाळी काउंटीने सोडलेला गोलंदाज शोधा आणि त्याच्यासमोर नेटमध्ये उभे राहा. मला जे कळलं ते अशाच एकाकडून.

युनिव्हर्सिटीला घाबरू नका. डरहॅम, लफबरो, कार्डिफ, लीड्स-ब्रॅडफर्ड, ऑक्सफर्ड, केंब्रिज इथे पदवी आणि चांगलं क्रिकेट बरोबरीने चालतं. अँड्र्यू स्ट्रॉस डरहॅमचा पदवीधर आणि पुढे इंग्लंडचा कर्णधार. “शिक्षण म्हणजे प्लॅन बी, त्याने लक्ष विचलित होतं” असं सांगणारे मार्गदर्शक टाळा. बावीस वर्षांच्या मुलाला हंगामाअखेर सोडताना त्याच्या भाड्याची काळजी त्यांना करावी लागत नाही.

आपल्या मुलांना एक वेगळी भिंत आहे, तीही सांगायला हवी. इथे हौशी क्रिकेट खेळणाऱ्यांत दक्षिण आशियाई वंशाचे साधारण ३० टक्के आहेत, व्यावसायिकांत ५ टक्क्यांच्या आसपास. हे गुणवत्तेच्या कमतरतेमुळे होत नाही. याच कारणाने बर्मिंगहॅममधून साउथ एशियन क्रिकेट अकॅडमी सुरू झाली. ल्यूटनमध्ये वाढलेला काशिफ अली अनेक काउंट्यांच्या सेकंड इलेव्हनमध्ये खेळूनही करारावाचून होता. या अकॅडमीतून २०२२ मध्ये त्याला वूस्टरशायरचा करार मिळाला. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी दार बंद झालं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मलाही शेवटी करार मिळाला, दुसऱ्याच काउंटीत. रूकी म्हणजे नवोदितांचा करार, छोटा पगार, पण छातीवर बिल्ला होता आणि बाबांनी तो शर्ट स्वतः इस्त्री केला. पुढे तो करार वाढवला गेला नाही. हे सांगणारी बैठक फार लहान असते. तिथे वाद घालू नका, पण तीन गोष्टी मागून घ्या: मानधनाची शेवटची तारीख, हिवाळ्यात जिम आणि फिजिओ वापरता येईल का, आणि इतर काउंट्यांशी बोलायची मोकळीक. मग त्याच दिवशी पीसीएला, म्हणजे व्यावसायिक क्रिकेटपटूंच्या संघटनेला, फोन करा. १९६७ पासून ती खेळाडूंसाठी उभी आहे. अभ्यासक्रम, नोकरी आणि मन खचलं तर समुपदेशन, हे सगळं तिथे मिळतं, आणि करार संपलेल्या खेळाडूलाही मदत मिळते. मी तो फोन बराच उशिरा केला, कारण फोन करणं म्हणजे हरणं असं वाटत होतं. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं ते जेवलास का, मग बाकीचं.